हळद, नंबर दोन

राजूर, ता. भोकरदन
९ सप्टेंबर २०२५

श्री. राजानंद मगरे यांस,
काकासाहेब पुंगळे यांचा नमस्कार.

तुमचं पत्र जूनमध्ये मिळालं आणि उत्तर आता सप्टेंबरात लिहितोय, त्याबद्दल माफी असावी. खरं तर उत्तर द्यायचंच नव्हतं. आमची मंडळी काल म्हणाली, "तीन महिने झाले, ते पत्र उशाखाली घेऊन झोपू राह्यले तुमी. एक तर त्याला उत्तर द्या, न्हाई तर चुलीत घाला." चुलीत घालावं इतकं मला तुमचं वाईट वाटलं नाही, म्हणून लिहायला बसलो.

तुम्ही लिहिता की तुम्ही आमच्या अंगदचे परतूरच्या कॉलेजातले दोस्त. तुमचं स्टेशन रोडला बेअरिंगचं दुकान आहे. तीस वर्षांपूर्वी तुम्ही दोघांनी एक इंग्रजी गाण्यांची कॅसेट भरून घेतली होती, ती माझ्या घरी असेल आणि ती तुम्हाला हवी आहे. आता मी सातवी नापास माणूस आहे, पण खुळा नाही. आजच्या जमान्यात कॅसेट कोणाला लागते? भंगारवाल्याला दिली तर तो परत देतो. तुमच्या फोनमध्ये जगातली सगळी गाणी असतात असं म्हणतात. मग माझ्या घरातली एक जुनी कॅसेट कशाला? कोणी मागे लागलं की मला आधी विचार येतो, याला खरं काय पाहिजे.

तुम्ही फोन नंबर दिला आहे. मी फोन करणार नाही. फोनवर कोणीही कोणाचाही आवाज काढतं. आमच्या शेजारच्या रामरावला त्याच्या नातवाच्या आवाजात फोन आल्ता, आणि नातू तर त्या वेळी ओसरीवर बसून जेवत होता. कागदावर माणूस धरता येतो.

आणखी एक. पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलं आहे, "कॅसेट लावून बघणार असाल तर आधी मशीनचा स्पीड बराबर आहे का बघा." हे वाक्य मी पुष्कळदा वाचलं. माझ्या मशीनच्या स्पीडचं तुम्हाला काय काम? तुम्हाला कोणी काही सांगितलं आहे का?

तुम्हाला माहीत नसेल तर सांगतो. मी पंचवीस वर्षं लाऊडस्पीकरचा धंदा केला. गोपिका साउंड सर्व्हिस. लग्न, हळद, सप्ता, आणि दर चतुर्थीला देवळापुढच्या चौकात माझे भोंगे. सत्त्याण्णव सालच्या एका चतुर्थीला ऐन गर्दीत आरतीची कॅसेट लावली आणि आवाज असा जाड आणि रेंगाळत निघाला, जसा काही आजारी रेडा हंबरतोय. बॅटरी बदलली, तरी तेच. लोक हसले. माझं काम गेलं आणि धंदाही गेला. मशीन अंगदने बिघडवलं होतं. त्याच्या त्या इंग्रजी कॅसेटीपायी. मी त्याला चौकात सगळ्यांसमोर मारलं. तो वीस वर्षांचा होता. त्याच हप्त्यात तो पुण्याला गेला, पुढे बंगलोरला. आधी वर्षा दोन वर्षांनी यायचा, ओसरीवर चहा पिऊन निघायचा. आता बारा वर्षांत आला नाही. दिवाळीला आईला फोन करतो. मंडळी माझ्या हातात फोन देते, तो "बरं आहे ना" म्हणतो, मी "बरं आहे" म्हणतो.

हे सगळं अंगदच्या दोस्ताला माहीत असायला पाहिजे. म्हणून तुम्ही खरे कोण ते आधी कळू द्या. तीन गोष्टी विचारतो.

त्या कॅसेटीवर काय लिहिलं होतं?
अंगद ज्या चाकाच्या फळीवर उभा राहून गुडघे फोडून घ्यायचा, ती कशाची होती?
तुम्ही माझ्या घरी एकदाच आला होता असं लिहिता. तेव्हा कुठे बसला होता?

उत्तर पटलं तर पुढचं बघू.

आपला,
काकासाहेब पुंगळे

—

परतूर
१७ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप काका,
सा. नमस्कार.

तुमचं पत्र वाचून मला कॉलेजची तोंडी परीक्षा आठवली. त्यातही सर असेच चष्म्यावरून बघायचे. उत्तरं देतो.

पहिलं. कॅसेटीवर तुमच्या अक्षरात "हळद, नंबर दोन" असं लिहिलं होतं, निळ्या शाईत, खाली दोन रेघा. अंगदने ती तुमच्या पेटीतून न विचारता आणली होती. मला त्याने सांगितलं की बाबांकडे हळदीच्या गाण्यांच्या चार कॅसेटी आहेत, एक गेली तर नवरदेव काही पांढरा राहणार नाही. तिच्या कडेच्या भोकात आम्ही कागदाचा बोळा कोंबला, म्हणजे तिच्यावर पुन्हा भरता येतं, आणि हळदीच्या गाण्यांवर ती इंग्रजी गाणी भरली. याबद्दल आज, तीस वर्षांनी, माफी मागतो.

दुसरं. फळी सागवानी होती, सुग्रीवमामांच्या जुन्या दाराची. अंगद परतूरला या मामांकडेच राहायचा, हे तुम्हाला मी सांगायला नको. चाकं म्हणजे माझ्या वडिलांच्या दुकानातली विहिरीच्या मोटारीची जुनी बेअरिंग. रस्त्यावर त्यांचा असा खडखडाट व्हायचा की कुत्री आधीच बाजूला व्हायची.

तिसरं. मी बसलोच नव्हतो. दारात उभा राहून पाणी प्यालो. तुम्ही अंगणात भोंग्याच्या खोक्यावर नाव रंगवत होतात. मान वर न करता विचारलंत, "कोणाचा रे तू?" मी सांगितलं, तुम्ही "हं" म्हणालात आणि परत ब्रश बुडवला. बसायला कोणी म्हटलं नव्हतं.

आता कॅसेट कशाला पाहिजे ते. माझा आतेभाऊ भारत तेव्हा मुंबईला बंदरावर कामाला होता. जहाजावरच्या एका गोऱ्या पोराने त्याला मूळ कॅसेट दिली होती. कव्हरवर एक कोरडा पडलेला पोहण्याचा हौद, त्याच्या भिंतीवरून चाकाच्या फळीसकट हवेत उडालेला एक हाफ पँटवाला पोरगा, आणि काठावर बसून त्याच्याकडे बघणारं कुत्रं. बँडचं नाव आम्हाला धड वाचता येईना, म्हणून आम्ही तिला "कोरडा हौद" म्हणायचो. चौदा गाणी आणि सगळी मिळून अर्धा तास. तुमच्या आरतीच्या एका बाजूला त्यांचा अख्खा कार्यक्रम उरकायचा. पॅसेंजर फलाटावरून सुटली आहे आणि सगळ्यांना पळत जाऊन एकच डबा धरायचा आहे, असं ते लोक वाजवायचे. ढोलकीवाला सगळ्यांच्या पुढे, गाणारा त्याच्या मागे धापा टाकत. शब्द कळायचे नाहीत, पण हे लोक आपल्याच वयाचे आहेत आणि त्यांनाही घरचे काहीतरी बोललेत, एवढं पक्कं कळायचं.

फळी आम्ही त्या कव्हरवरच्या चित्रावरून बनवली. हौद कुठून आणणार? रविवारी मार्केट यार्ड बंद असायचं. कापसाच्या गाड्या रित्या करायचा सिमेंटचा ओटा, त्याला उतार, आणि खाली रिकाम्या पोत्यांचा ढीग. एक जण टेप घेऊन ओट्यावर बसायचा, एक जण सुटायचा. आमच्या फळीला वळणं माहीत नव्हतं. सरळ जायचं आणि पोत्यांत घुसायचं. मी आज सत्तेचाळीस वर्षांचा आहे, दोन पोरींचा बाप आहे, पण त्याहून चांगला रविवार मला पुन्हा मिळाला नाही.

मे महिन्यात माझ्या थोरलीने, रेणूने, तो अल्बम फोनवर शोधून लावून दिला. इतका साफ आवाज की मला ओळखू येईना. चौथं गाणं लागलं तेव्हा मी हातातलं काम सोडून थांबलो. आमच्या कॅसेटीत चौथ्या गाण्यात लाईट जाते. भरताना गेली होती. गाणं बसत बसत बंद पडतं आणि थोड्या वेळाने परत उठून पळायला लागतं. फोनवर लाईट गेलीच नाही. गाणं सरळ निघून गेलं. रेणू म्हणाली, "पप्पा, रडताय काय?" मी म्हटलं, ग्रीस गेलं डोळ्यात.

मला ती लाईट गेलेली कॅसेट पाहिजे, काका. दुसरं काही नाही.

स्पीडचं म्हणाल तर जुन्या मशीनची मोटर अडखळली की फीत तुटते, म्हणून लिहिलं होतं. बहुतेक ती मशीनमध्येच असेल, काकूंनी शिवलेल्या त्या जांभळ्या कव्हराखाली. एकदा बघाल का?

आपला,
राजानंद

—

राजूर
३ ऑक्टोबर २०२५

श्री. राजानंद यांस नमस्कार.

तिन्ही उत्तरं बरोबर आहेत. तुम्हाला बसायला म्हटलं नव्हतं ही गोष्टही बरोबर आहे. ते तेव्हा चुकलं.

पण तुम्ही स्वतःच अडकलात. मंडळीने मशीनला जांभळ्या परकराचं कव्हर शिवलं ते धंदा बंद झाल्यावर. तुम्ही आमच्या दारात पाणी प्यालात ते त्याच्या आधी. मग जांभळं कव्हर तुम्हाला कसं दिसलं? या घरात ते कव्हर बघितलेली माणसं बोटांवर मोजता येतात, आणि परतूरला जाणारं त्यात कोणी नाही. हे अंगदने सांगितलं आहे.

अंगद तुमच्या शेजारी बसून पत्रं सांगतोय का? मी त्याची जुनी पत्रं काढून तुमच्या अक्षराशी ताडून पाहिली. मंडळी तुरी निवडत बसली होती. म्हणाली, "काय बघू राह्यले यवढं?"

"ह्या दोघायचा 'अ' एकसारखा हाय."

"समद्यायचा 'अ' एकसारखाच असतो. तुमाला कोर्टानं लावलं का अक्षरं तपासायला?"

"तू गप. काहीतरी हाय यात."

"हाय ना. पोरगं हाय तुमचं यात. संशय घेता घेता तरी त्याचं नाव काढू राह्यले, तेच लई झालं."

तिला सगळं सोपं वाटतं. मला सोपं वाटत नाही. दोस्ताला पुढे करून बापाकडून काही काढून घ्यायचं, हा एक प्रकार असतो. त्याला सांगा, विचारायचं ते सरळ विचार.

कॅसेट मी शोधली. सापडली नाही. मशीन बंद आहे आणि ते उघडायची माझी इच्छा नाही.

एक मात्र तुम्ही मला लिहा. त्या चतुर्थीबद्दल आणि मशीनबद्दल अंगद तुमच्याजवळ काय बोलला आहे? जे बोलला असेल ते शब्दाला शब्द लिहा. गोड करून लिहू नका. माझ्याबद्दल वाईट बोलला असेल तर तेही लिहा. मला ते कळलं पाहिजे. अठ्ठावीस वर्षं तो माझ्याशी का बोलत नाही, याचा माझा एक अंदाज आहे. तो बरोबर आहे का ते बघायचं आहे.

आपला,
काकासाहेब

—

परतूर
१४ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप काका,
सा. नमस्कार.

धरलंत मला. कव्हराचं अंगदनेच सांगितलं होतं. तो शेजारी बसलेला नाही, बंगलोरलाच आहे. पण आमचं फोनवर बोलणं असतं. मी तुम्हाला पत्र लिहिलं हे त्याला आधी माहीत नव्हतं. तुमचं पहिलं उत्तर आल्यावर मी सांगितलं. त्याने ते मला दोनदा वाचून दाखवायला लावलं. मग विचारलं, "बाबांचं अक्षर अजून तसंच आहे का?"

दुसरी एक गोष्ट मी लपवली होती, तीही सांगून टाकतो. त्या कॅसेटीत लाईट जाते तेव्हा नुसती शांतता नाही. आमच्याकडे वायर नव्हती. भारतची कॅसेट मोठ्या टेपवर लाईटवर लावली आणि माझा लहान टेप सेलवर चालू करून त्याच्या तोंडासमोर ठेवला. लाईट गेली तेव्हा मोठा टेप बसला, लहान चालूच राहिला. म्हणून खोलीतलं बोलणं त्यात आलं. मी म्हणतो, "बंद कर." आणि अंगद म्हणतो, "राहू दे, राहू दे. येईल आत्ता." मग थोड्या वेळाने लाईट येते. वीस वर्षांचासुद्धा नव्हता तो. तो आवाज दुसरीकडे कुठेच नाही. हे पहिल्याच पत्रात लिहिलं असतं तर तुम्ही ती कॅसेट कोणालाच दिली नसती, असं मला वाटलं. हा माझा स्वार्थ.

आता तुम्ही विचारलं ते. शब्दाला शब्द लिहितो, कारण हेच शब्द मी त्याच्याकडून पुष्कळ वेळा ऐकले आहेत.

"माझ्यामुळे बाबांचा धंदा बसला. मी ती कॅसेट त्यांच्या पेटीत परत ठेवली नसती तर काही झालं नसतं. बाबांनी मारलं ते बरोबरच होतं. आता कोणत्या तोंडाने जाऊन बसू त्यांच्यासमोर?"

तुमच्याबद्दल तो कधीही वाईट बोलला नाही, काका. एकदाही नाही. त्याने त्यानंतर ती गाणी ऐकली नाहीत. घरात वाजणारी वस्तूच ठेवली नाही. त्याची बायको दीपमाला मला एकदा म्हणाली, "यांना गाणं लावलेलं चालत नाही, लगेच उठून गॅलरीत जातात." रागावलाय म्हणून तो येत नाही, असा तुमचा अंदाज असेल तर तो चुकला. त्याला लाज वाटते.

मी त्याला समजावलं. मी रोज मोटारी उघडणारा माणूस आहे. गाणं कितीही पळणारं असो, त्याने मोटर बिघडत नाही. मशीनला गाण्यातलं काय कळतं? टेपच्या मोटरीला मागे एक बारीक भोक असतं, आत स्क्रू असतो. तो फिरवला की स्पीड कमी होतो. तो आपोआप फिरत नाही, कोणाच्या तरी हाताने फिरतो. हे मी अंगदला सांगितलं. तो म्हणाला, "बाबांच्या मशीनला बाबांशिवाय कोणी हात लावत नव्हतं. आणि बाबा असं करणार नाहीत. म्हणजे माझ्याच कॅसेटीने झालं असेल काहीतरी."

तेव्हा तुमच्याकडे कोणी कारागीर यायचा का? आठवलं तर कळवा. त्याच्या मनातून हे निघालं पाहिजे.

आपला,
राजानंद

—

परतूर
२६ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप काका,
सा. नमस्कार.

दिवाळी होऊन महिना झाला, तुमचं पत्र नाही. माझ्या लिहिण्यात काही कमी जास्त झालं असेल तर पोर म्हणून पोटात घाला. कॅसेट नको मला, ती असू द्या. अंगद रोज विचारतो की बाबांची तब्येत बरी आहे ना. या दिवाळीला तुम्ही त्याच्याशी फोनवरसुद्धा बोलला नाहीत, असं म्हणाला. दोन ओळी टाका.

राजानंद

—

राजूर
१५ डिसेंबर २०२५

चि. राजानंद यास आशीर्वाद.

तुझी दोन पत्रं येऊन पडली आणि मी उत्तर दिलं नाही. आतलं पत्र अंगदसाठी आहे. त्याचा पत्ता माझ्याकडे नाही, आणि मंडळीकडे मागितला असता तर तिने कशाला ते विचारलं असतं. आधी तू वाच, मग त्याला पाठव. तू वाचलेलं बरं, म्हणजे त्याला काही शंका राहिली तर मोटर माहीत असलेला माणूस जवळ असेल.

काका

—

चि. अंगद यास अनेक आशीर्वाद.

आमच्याकडे कोणी कारागीर येत नव्हता. स्क्रू मी फिरवला.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी दुपारी मला टेंभुर्णीच्या एका हळदीची तयारी करायची होती. पेटीतून हळद नंबर दोन काढली आणि मशीनला लावली. मला वाटलं आतमध्ये बायांची गाणी आहेत. बाहेर जे आलं ते ऐकून मी घाबरलो. मला वाटलं मशीन पळतंय. इतकं पळतंय की बायांच्या गाण्याचा हा असा कालवा झालाय. बाया कुठल्या आणि गोरी पोरं कुठली, ते मला त्या वेगात कसं कळणार? मी मागचं झाकण काढलं आणि स्क्रू मागे मागे फिरवत गेलो, आवाज माणसासारखा होईपर्यंत. दुसरी कॅसेट लावून बघणार तोच लाईट गेली. ती सकाळपर्यंत आलीच नाही. सकाळी मशीन तसंच चौकात नेऊन बॅटरीवर लावलं. पुढचं तुला माहीत आहे.

लोक हसायला लागले तेव्हा मला कोणीतरी पाहिजे होतं. तू समोर होतास, आणि आदल्या दिवशी मी हळद नंबर दोन लावल्याचं तुला माहीत होतं. "माझ्या कॅसेटीमुळे झालं का?" असं तूच विचारलंस. मी हो म्हणालो आणि हात उचलला. खरं काय ते मला संध्याकाळी कळलं, मशीनमागे पडलेला पेचकस, म्हणजे स्क्रू ड्रायव्हर, पाहिला तेव्हा. एक मिनिटाचं काम होतं. स्क्रू पुढे फिरवला असता तर मशीन बराबर झालं असतं, पुढच्या चतुर्थीला भोंगे लागले असते. पण मशीन बराबर झालं असतं तर तू निर्दोष झाला असतास, आणि मी तुला चौकात मारून चुकलो होतो. म्हणून मी ते तसंच ठेवलं. धंदा बंद केला, दुसरं मशीन घेतलं नाही. सगळ्यांना सांगत राहिलो की पोराने बिघडवलं. मशीन बिघडलेलं राहिलं तोवर माझं बोलणं खरं राहिलं.

तुला सगळं कळलेलं आहे आणि म्हणून तू येत नाहीस, असं मी इतकी वर्षं धरून चाललो. तुझ्या दर फोनला वाटायचं, आज हा विचारतो. म्हणून मी "बरं आहे" म्हणून फोन मंडळीकडे द्यायचो. या दिवाळीला तेवढंही तोंडातून निघेना. तू तिकडे स्वतःलाच दोष देत बसला असशील, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. मी सगळ्या जगाचा संशय घेतला, आणि तू माझा एकदाही घेतला नाहीस.

राजानंदला मी खोटं लिहिलं होतं. कॅसेट मशीनमध्येच होती, त्या संध्याकाळी मीच ती परत आत घातली होती. गेल्या सोमवारी जेवण झाल्यावर कव्हर काढलं. आतला रबरी बेल्ट गळून गुळासारखा झाला होता. सायकलच्या ट्यूबची बारीक गोल पट्टी कापून घातली. मशीन चालू झालं. तुझी आई बाजरी पाखडत होती, सूप खाली ठेवून जवळ येऊन बसली. स्क्रू अजून मी ठेवला तिथेच होता, म्हणून गाणं ओढत ओढत चाललं. चौथ्या गाण्यात ते आणखी बसलं आणि बंद पडलं. मग एक जाड, म्हातारा आवाज आला, "राहू दे, राहू दे."

तुझी आई दचकली. "आगं माय. हे तर मामंजी बोलू राह्यले."

खरंच माझ्या बापाचा आवाज वाटला. ते जाऊन चाळीस वर्षं झाली. मी कॅसेट मागे घेतली आणि स्क्रू थोडा पुढे फिरवला. त्या इंग्रजी गाण्याचा खरा वेग किती ते मला माहीत नाही, पण आवाज तर माझ्या ओळखीचा होता. परत लावलं.

"आता तुमी बोलू राह्यले," ती म्हणाली.

आणखी थोडा फिरवला.

"अजून जाड हाय. अजून थोडं. थांबा, लई झालं, माघारी घ्या. हां."

"राहू दे, राहू दे. येईल आत्ता."

"हा अंगद," ती म्हणाली.

मग लाईट आली आणि ते गाणं उठून असं पळालं की मशीन टेबलावर थरथरायला लागलं. इतका पळणारा आवाज या घरात तेव्हा बिघाड वाटला होता. तो तसाच असतो, हे मला आता कळलं. आम्ही दोघांनी उरलेली दहा गाणी पूर्ण ऐकली. तुझ्या आईला दोन आवडली. मी तिला स्क्रूचं सांगितलं. ती म्हणाली, "मला म्हाईत व्हतं. पेचकस मीच उचलून ठेवल्ता."

"मंग बोलली का न्हाई?"

"तुमी बोलताल म्हणून वाट बघू राह्यले."

मी उठून लाखेचा तुकडा शोधला.

स्क्रूवर आता लाखेचा थेंब टाकला आहे. आमच्या धंद्यात स्पीड पक्का झाला की तसं करतात, मग तो कोणाच्या हाताने हलत नाही. माझ्यासुद्धा नाही.

कॅसेट मी पाठवत नाही. टपालात फुटली तर दुसरी नाही. इथे येऊन ऐकायची. राजानंदला सोबत आण, त्याला या वेळी ओसरीवर खुर्ची टाकून बसवतो. सूनबाईला आण. चौकात भोंगे लावून सगळ्यांसमोर सांगायचं असेल तर तेही सांगतो, दोन भोंगे अजून चांगले आहेत. राजानंदने हे सगळं तुझ्या सांगण्यावरून केलं असेल, असा मला अजून थोडा संशय आहे. असेल तर बरंच केलंत.

तू येणार नसशील तर तसं लिही. रागावला असशील, आता हे वाचून रागावशीलच, तर रागाचं लिही. फोन नको. फोनवर मी परत "बरं आहे" म्हणेन. पोस्टमन इथे अकराच्या सुमारास येतो, मी दारातच बसलेला असतो. दोन ओळी चालतील. पण जल्दी कळव.

तुझा,
बाबा